जीपचे जास्तीचे पाटे
ऐंशीनंतरची ती वर्षं. मोहाडीजवळच्या आमच्या गावाहून मी रोज जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला जायचो, लिलावात घेतलेल्या जुन्या जीपने. मागे कारखान्यातलेच सहा जण बसायचे. त्यांच्या पेट्रोलच्या वाट्यावरच जीप चालत होती. गावाबाहेरच्या नाल्यात मोठाले धोंडे होते. भरलेली जीप मागून खाली बसायची आणि धाडकन आपटायची.

भंडाऱ्याचा मिस्त्री म्हणाला, "मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन-दोन लोखंडी पाटे वाढवतो. गाडी उचलून राहील. पण बसणाऱ्याचं अंग खिळखिळं होईल."

"होऊ द्या," मी म्हणालो.

त्याच वर्षी बाई माहेरी आली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. धानाच्या रोवणीत वाकता येईना म्हणून सासरच्यांनी आणून सोडली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मणक्याचा क्षय सांगितला. ते रविवारी सकाळी पाहायचे. "पंधरा दिवसांनी आणत जा. धक्का मात्र बसू देऊ नका," म्हणाले.

पहिल्या खेपेला मी तिला मागे गोधडीवर निजवून नेलं. उतरवताना पाहिलं, तिने पदर दातात धरला होता आणि ओठ फुटला होता.

"बाबू, तुही गाडी लय कडक हाय," एवढंच बोलली.

मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. पाटे काढले तर सहा माणसांनी गाडी आपटणार. ठेवले तर बाईचे हाल. त्याने चाकाशी बसून कमानीचे बोल्ट चाचपून पाहिले. मग म्हणाला, "घरीच काढता-घालता येतील असे बसवून देतो. जॅक लाव, बोल्ट खोल, पाटे काढ. सोमवारच्या आत परत बसव. मेहनत हाय भाऊ, पण दुसरा इलाज नाही."

मग एकाआड एक शनिवारी कामावरून आलो की मी जीपखाली शिरायचो. दोन-तीन तास जायचे. बाई अंगणात खाटेवर पडून बघायची. "काहून जीवाले एवढा त्रास देऊन राहिला रे?" म्हणायची. पाटे काढले की जीप मऊ चालायची. एकदा तर भंडाऱ्यापर्यंत तिला झोप लागली होती.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी अंगणात चिखल होता. जॅक रुतत होता. आठवडाभर जादा काम करून मी थकलो होतो. एका खेपेनं काय होते, हळू नेऊ, असं म्हणून मी हात धुतले आणि जेवायला बसलो. पावसामुळे बाई घरात होती. तिने काही पाहिलं नाही.

सकाळी नाल्यात मागचं चाक धोंड्यावर चढलं आणि पलीकडे पडलं. बाईच्या तोंडून हुंकारासारखा आवाज आला. मी गाडी थांबवली.

"बाई?"

"काई नाई झालं. चाल तू."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बाबू, माह्ये पाय कुठं हायेत, समजून नाई राहिलं."

मी मागे जाऊन तिचं पाऊल घट्ट दाबलं. "आता?" विचारलं.

"दाबलं का तू?" ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, हाड पोखरलेलंच होतं, आज ना उद्या हे व्हायचंच. धक्क्यानं झालं का, हे मी तीनदा विचारलं.

बाई दीड वर्ष अंथरुणात होती. आई तिला कुशीवर वळवायची, तरी पाठीला जखमा झाल्याच. जीप मी विकून टाकली. एका दुपारी मी तिला चमच्याने पाणी पाजत होतो.

"त्या दिवशी पाटे काढले होते ना तू?" तिने विचारलं.

"काढले होते," मी म्हणालो.

"बरं झालं. नाई तं तुह्या मनाले लागून राह्यलं असतं."

मी वाटी खाली ठेवली आणि बाहेर निघून आलो.

पौषात ती गेली. आईला खरं सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. सांगणं झालं नाही. पुढे आईही गेली.