वच्छलाबाईंची तहान

रुपचंदच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसांबद्दल मला इतक्या वर्षांनीही बरं लिहिता येत नाही. ती माणसं वाईट नव्हती, असं लोक सांगतात. नसतील. पण त्यांच्या तिथं बसण्यापायी एक म्हातारी मरता मरता वाचली आणि त्यांच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

वच्छलाबाई ही रुपचंदची आई. नवरा वारल्यावर यावलकडच्या खेड्यात त्यांनी केळीची बाग एकटीनं सांभाळली. कोणत्या झाडाला टेकू द्यायचा, कोणता घड कधी उतरवायचा, हे मजूर त्यांना विचारून करत. त्रेपन्न साली रुपचंदनं त्यांना जळगावला आणलं. तो केळी वॅगनमध्ये भरून दिल्लीकडे धाडायचा धंदा करी. मी त्याचा शेजारी, एका कापसाच्या पेढीवर हिशेबनीस. दोन्ही घरांची भिंत एकच.

त्या घराचा संडास समोरच्या कोपऱ्यात होता. मैल्याची टोपली गल्लीतून काढता यावी म्हणून तो तिथंच बांधलेला. त्यामुळे घरातल्या बाईला तिकडे जायचं तर ओट्यावरून, बसलेल्या पुरुषांच्या अगदी समोरून, हातात तांब्या घेऊन जावं लागे. आणि ओटा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रिकामा म्हणून नसे. व्यापारी, हुंडेकरी, रिकामटेकडे, सगळे तिथं चहा पीत बसलेले. घरातल्या बायका उजाडायच्या आधी एकदा जात आणि अंधार पडल्यावर एकदा. मधला सगळा दिवस दाबून धरायचा. धरता यावं म्हणून पाणीच प्यायचं नाही. वैशाखातल्या जळगावात.

आणि याचं कौतुक होई. रुपचंद ओट्यावर अभिमानानं सांगे, "आमच्या आईला दिवसभरात फुलपात्रभर पाणी पुरतं. जुनं हाड आहे."

मी एकदा वच्छलाबाईंना म्हणालो, "अक्का, या उन्हात पाणी पीत जा."

त्या म्हणाल्या, "भाऊ, बागेत होती तवा पाटाला तोंड लावून पेत होती. तठी केळीची आड होती. अठी पानी पिनं म्हंजे या बाप्यांसमोरून तांब्या मिरवनं. तुमी मिरवाल का?"

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्यांना उन्हाळी लागली. लघवीला जळजळ होई, थेंब थेंब होई, पुन्हा जावंसं वाटे, आणि जायचं तर ओटा भरलेला. सून सुनंदाबाईनं धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं. त्यातला एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. पोटात खाली दुखतं, हे त्यांनी सुनेलाही सांगितलं नाही. असल्या जागेचं दुखणं बोलायचं नसतं, हे आपण बायकांना जन्मभर शिकवतो आणि मग विचारतो, सांगितलं का नाही.

पुढे एका सकाळी त्या सुनेला आपल्या मेलेल्या जावेच्या नावानं हाक मारू लागल्या. जेवलेलं आठवेना. अंथरूण ओलं झालं. दुपारी डोक्यावरचा पदर सोडून ओट्यावर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "केळीले पानी सोडा रे. बाग वाळून राह्यली."

धुळ्याकडचा एक व्यापारी, भटू नावाचा, हसत म्हणाला, "म्हातारीनं डोकं फिरी गयं का, रुपचंद भाऊ?"

ओटा हसला. रुपचंद शरमेनं लाल झाला. त्यानं आईला मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. निदान त्यानंच केलं: म्हातारचळ. उपायही त्यानंच काढला. "पाणी कमी दे," तो बायकोला म्हणाला. "अंथरूण तरी कोरडं राहील." मग त्यानं ठरवलं की सोमवारी यावलच्या एस.टी.नं आईला गावी न्यायचं आणि बागेतल्या खोपीत राखणदाराच्या हवाली करायचं. तिथं ओरडली तरी ऐकायला कोणी नाही. मी बोललो तर म्हणाला, "नाना, तुमच्या आईनं असं केलं असतं म्हणजे कळलं असतं."

जाण्याआधी भेटून जा, असा निरोप त्यानं धुळ्याला बहिणीकडे धाडला. इंदिराबाई रविवारी आली. तिनं कडी काढली, आईजवळ बसली, कपाळाला हात लावला, जीभ पाहिली. जीभ लाकडासारखी कोरडी. मग तिनं आईचं लुगडं नाकाशी धरलं आणि तशीच ओट्यावर आली.

"दादा, आई अशी कधीपासून?"

"अगं, वय झालं. म्हातारचळ आहे."

"आखाजीला मी आले तेव्हा माझ्या सांजोरीत गूळ जास्त झाला म्हणून तिनं मला चार बायकांत सोलून काढलं. म्हातारचळ असा आठवड्यात येतो होय? तिच्या लघवीला कुजका वास येतोय. तुझ्या घरात नाक कुणालाच नाही?"

ओट्यावरचे पुरुष खाली पाहू लागले. लघवी हा शब्द बाईनं चारचौघांत उच्चारला, याचा त्यांना धक्का बसला होता. म्हातारी कोंडलेली होती, याचा बसला नव्हता.

मी टांगा आणला. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती ताकासारखी फाटली. "लघवीत पू झालाय," ते म्हणाले. "त्याचं विष डोक्यापर्यंत गेलंय. म्हाताऱ्या माणसाला कधी तापही येत नाही, नुसतं भान जातं. चांगलं बोलतं माणूस एकाएकी बरळायला लागलं, तर आधी लघवी तपासायची. पाणी किती देता?"

सुनंदाबाई रडू लागली.

सल्फाच्या गोळ्या आणि सोड्याचं औषध सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं: दर घटकेला पाणी, लघवी कधीही दाबायची नाही, नेसूचं स्वच्छ आणि कोरडं. इंदिराबाई उशाशी बसून चमच्यानं पाजत राहिली. सोमवारची एस.टी. त्यांच्याविना गेली. आठवडाअखेर वच्छलाबाईंनी डोळे उघडून सुनेला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली आणि चहात साखर कमी आहे म्हणाल्या.

रुपचंदनं ओट्याला गोणपाटाचा आडपडदा लावला. पाहुण्यांचा वारा अडतो म्हणून चार दिवसांत स्वतःच काढला. आईचा जीव एका बाजूला आणि भटूचा वारा दुसऱ्या, आणि पारडं वाऱ्याकडे झुकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

वच्छलाबाईंनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि ओट्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"रुपचंद, मी मुताले जाऊन राह्यली. घंट्यानं पुन्हा येईन. माह्यामागं सून येईन. ज्याले पाहाचं आहे त्यानं बसा."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोक अठीच बसले आहेत. इचार त्याहीले."

भटूनं आधी वहाणा पायात सरकवल्या. मग एकेक उठला. बैठक रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या चहाच्या दुकानात गेली, जिथं ती पहिल्यापासून असायला हवी होती. वच्छलाबाई मात्र परतताना थांबल्या, दारात खिळलेल्या सुनंदाबाईच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाल्या, "जाय. मी बसते अठी."

त्या ओट्यावर बसून राहिल्या, सून परत येईपर्यंत. पुढे रोज बसू लागल्या, सुपात तूरडाळ घेऊन.

त्या उन्हाळ्यात घरात एक माठ पुरेना. दुसरा आणावा लागला. रुपचंद त्यावरही कुरकुरला.