मावशीचं बिल्ल्यांचं जाकीट

माझी मोठी मावशी लिफ्ट दुरुस्त करायची. कंपनीत ती एकटीच बाई, त्यामुळे ती नव्या इमारतीत शिरली की पहारेकरी आधी तिच्या मागे बघायचे, मिस्त्री कुठे आहे म्हणून. "मागे कोणी नाही, मीच आहे," असं म्हणून ती हत्यारांची पेटी दाणकन खाली ठेवायची.

रॉकेटच्या बिल्ल्यांचं वेड तिला लागलं ते या कामामुळेच. एकदा अडकलेल्या लिफ्टमधून तिनं एका इंजिनिअरला बाहेर काढलं. तो एका खासगी अवकाश कंपनीत होता. अशा कंपन्या प्रत्येक उड्डाणासाठी भरतकाम केलेला वेगळा कापडी बिल्ला काढतात, लोक तो आठवण म्हणून घेतात. त्या माणसानं स्वतःच्या पिशवीवरचा बिल्ला तिथल्या तिथे उसवून मावशीच्या हातावर ठेवला. घरी येऊन तिनं ते रॉकेट कोणाचं, कुठे गेलं, सगळं शोधून काढलं. त्यानंतर तिला आवरणं कोणाच्या बापाला जमलं नाही.

तिथून पुढे तिचा नियम एकच. जे उड्डाण स्वतः पडद्यावर थेट पाहिलं, त्याचाच बिल्ला मिळवायचा. रॉकेट वर जाऊन फुटलं तरी तो हवाच.

"फुटलेल्याचा कशाला जपतेस?" माझ्या आईनं एकदा विचारलं.

"राबणारे तेवढेच राबले ना गं?" मावशी म्हणाली. "ते कुठे फुकट बसले होते?"

मग एका सकाळी चहा पिताना तिच्या हातून कप सुटला. ती खालच्या तुकड्यांकडे बघत राहिली, हात काही हलेना. काका, म्हणजे मावशीचे यजमान, शिंपी आहेत. गळ्यातली टेप गळ्यातच ठेवून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. अर्धांगवायूचा झटका होता. पाय लवकर ताळ्यावर आला, बोलणंही सुधारलं. उजवा हात तेवढा रुसून बसला.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तिला मऊ चेंडू दाबायला दिला, मणी उचलायला दिले. थोडे दिवस तिनं ते केलं आणि मग मण्यांची वाटी बाजूला सारली. "मी काय बालवाडीत आहे?"

"मग चिमटीत धरायचं दुसरं काहीतरी शोधा," बाई शांतपणे म्हणाल्या. "रोज करावंसं वाटेल असं."

मावशीनं कपाटाकडे बघितलं. मग मला म्हणाली, "कपाटातला बिल्ल्यांचा डबा आण. आणि माझं जुनं जाकीट."

काकांचे डोळे चमकले. "दे इकडे! मशीनवर दुपारपर्यंत सगळे लावून टाकतो."

"तू हात लावून तर बघ!"

सुई ओवून देण्यापुरती परवानगी त्यांना मिळाली. पहिल्या बिल्ल्यात तिची अख्खी सकाळ गेली. सुई निसटायची, बोटात रुतायची, दोरा गुंतायचा. काका समोर बसून स्वतःचेच गुडघे चोळत होते. शेवटी बिल्ला लागला, पण निळ्या गोलातलं रॉकेट आकाशाऐवजी खिशाकडे निघालं होतं.

"छान झालंय," काका म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणीला नावं ठेवणारा माणूस!

"खोटं बोलू नकोस. कात्री दे."

तिनं तो उसवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला घेतला.

तिच्या ओळखीचे एक बिल्ले जमवणारे गृहस्थ भेटायला आले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, बिल्ल्याला कोणी सुई लावतं का? रया जाते त्याची!"

"जाऊ दे रया," मावशी म्हणाली. "मला हात हवाय."

जाकिटाची एक बाही भरली, तेव्हा ती कंपनीत गेली. साहेब भले होते. "ताई, तक्रारींचे फोन घ्या. बसून काम आहे," ते म्हणाले. मावशीनं आधी तिथल्याच लिफ्टचं एक पॅनेल उघडून दाखवायची परवानगी मागितली. झाकण निघालं, पण आतला बारीक स्क्रू तिच्या बोटांतून निसटला आणि टणटणत लिफ्टच्या खड्ड्यात गेला. "मी पुन्हा येईन," एवढंच म्हणून ती परतली.

घरी आल्यावर ती थेट बिल्ल्यांचा डबा घेऊन बसली. काकांनी जपून विषय काढला, "फोनचं काम काही वाईट नाही."

"वाईट नाहीच. पण ते माझं नाही." तिनं डब्यातला सगळ्यात लहान, जाड काठाचा बिल्ला काढला. इतके दिवस ती तो टाळत आली होती. "आणि आजपासून सुईही मीच ओवणार."

त्या दिवशी जमलं नाही, पुढेही बरेच दिवस जमलं नाही. काकांना बघवेना. ते एखादं बटण शोधायच्या निमित्तानं दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. एका दुपारी तिनं एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की ती पडली असं समजून ते धावत आले. ती दोरा ओवलेली सुई उंच धरून बसली होती. काका रडायलाच लागले.

"रडायचं ते नंतर," मावशी म्हणाली. "आधी मला गाठ मारू दे."

पुढच्या वेळी कंपनीत तिनं पॅनेलचे सगळे स्क्रू काढले, पुन्हा लावले आणि घट्ट आवळले. साहेबांनी प्रत्येक स्वतः तपासला. अर्धा दिवस काम, सोबतीला दुसरा मिस्त्री, आणि लिफ्टच्या टपावर चढायचं नाही, असं ठरलं. टपावरून ती खूप भांडली. तिथे मात्र तिचं काही चाललं नाही. पाय अजून कधीतरी लटपटतो, हे तिलाही कळत होतं. जाकीट कामावर चालणार नाही, यंत्रात अडकेल, असंही साहेबांनी बजावलं. म्हणून आता ती ते उड्डाण पाहायच्या वेळी अंगात घालते.

सध्या एका नव्या कंपनीचं पहिलं रॉकेट वाऱ्यामुळे सारखं पुढे ढकललं जातंय. परवा मी गेले तेव्हा ती जाकीट घालून पडद्यासमोर बसली होती. आयत्या वेळी उड्डाण पुन्हा थांबवलं. काका उठले, म्हणाले, "चल, जेवून घेऊ."

"वारा काय, कधीतरी पडेलच," असं म्हणत मावशीनं साहेबांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळचीही सुट्टी मागून घेतली.