आईकडच्या तेलाचा साबण

"अहो, हात थांबवू नका! थांबलात तर सगळं फाटेल!" बायको ओरडत होती. तिच्या डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, कोपरापर्यंत रबरी मोजे. आणि ओट्याशी मी, पातेल्यात रवी घुमवतोय. खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी पडलं होतं, त्याचा साबण व्हायचा होता. समुद्रमंथनात देवदानवांनाही मध्ये चहा मिळाला असेल, मला तोही नाही. दंड असा फुगला होता की गावच्या कुस्त्यांचं आमंत्रणच यायचं बाकी होतं.

तेल साधं नव्हतं. सासूबाई गेल्या, त्यांची नारळाची बाग विकली गेली, आणि त्यांनी घाण्यावर बसून काढून घेतलेल्या तेलाचा हा शेवटचा डबा उरला. बायकोने तो कुणाला उघडू दिला नव्हता. आता वास जरा खवट येऊ लागला, म्हणून साबणासाठी निघाला.

पातेल्यातलं तेल आधी कढीसारखं, मग श्रीखंडासारखं दाटलं आणि मी पुरता चक्रावलो. तेलकट हात आपण साबणाने धुतो, आणि साबण बघावा तर तेलाचाच! बरं, तिच्या आईची आठवण जपायची म्हणून हा खटाटोप, आणि ती आठवण रोज थोडी थोडी मोरीतून वाहून जाणार. याला जपणं म्हणायचं की उधळणं?

"अगं, पण हा झिजून संपेल की!" मी न राहवून म्हणालो.

चष्म्याआड तिचे डोळे मला नीट दिसेनात.

"संपेल," ती म्हणाली. "तुम्ही हात थांबवू नका."