पेंग्विन लागले की जेवण

शिंपीमास्तरांच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला विचारतो कोण? सगळा कारभार टीव्हीवरच्या परदेशी वाहिनीवर चाले. जगाच्या बातम्यांना कापड बेतायचं, फॅशनच्या गप्पांना काजं करायची आणि पेंग्विनचा माहितीपट लागला की मशीन थांबवून जेवायचं. गिऱ्हाइकाने घाई केली, तर मास्तर सांगत, "ज्वालामुखी संपला की या."

एके दिवशी वाहिनीने कार्यक्रमांची उलथापालथ केली. सकाळच्या बातम्या संपल्या आणि थेट पेंग्विनच अवतरले. मास्तरांनी मुकाट्याने कात्री ठेवून हात धुतले. भूक नव्हती, पण शिस्त म्हणजे शिस्त. मग सहज भिंतीकडे नजर गेली. साडेदहा. आता डबा कुठून येणार? इतकी वर्षं एका खोक्याच्या तालावर नाचलो, म्हणून ते स्वतःवरच चिडले.

तेवढ्यात बायको धापा टाकत दारात उभी. हातात डबा.

"भाजी जरा कच्ची राहिलीय," ती म्हणाली. "आज फारच लवकर लागले हो."

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

तिने जेमतेम वर पाहिलं आणि डबा उघडला. "सेल संपला असेल त्याचा. बसा जेवायला."