तुरीची मर आणि रिझवी मास्तरांचं इंग्रजी

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते साचतात, विहिरीतल्या गाळासारखे. जुन्या नोकरीतली दोन माणसं भेटली की कोणीतरी बादली सोडतं. वर हसू येईल की दुसरंच काही, हे दोर ओढणाऱ्यालाही ठाऊक नसतं!

वाशीमजवळ आमचं तुरीचं सरकारी फार्म होतं. गोष्ट पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची. चांगली उभी तूर पिवळी पडते आणि वाळून जाते, त्या रोगाला आमच्याकडे 'मर' म्हणतात. त्या मरीत टिकणारी तूर शोधणं हे आमचं काम. माणसं मोजकीच. वर साहेब, प्रयोग करणारा वानखडे, आणि त्याचा मदतनीस मी, गावंडे.

* * *

नागपूरला दरवर्षी शेतकीची परिषद भरायची. सगळा कारभार इंग्रजीत! एका वर्षी आमचा पेपर साहेबांनी वाचला. लिहिलेलंच वाचायचं होतं, ते निभलं. मग समोरून एकानं प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "येस सर!"

त्यानं दुसरा विचारला. साहेब आणखी जोरात, "येस सर!"

सभागृहात खसखस पिकली. बाहेर आल्यावर साहेबांनी वानखडेला बाजूला घेतलं. "काय विचारून राह्यला होता रे तो?"

वानखडेला शेजारी बसलेल्या अमरावतीकरानं मराठीत सांगितलं होतं. तो म्हणाला, "पयले विचारलं, तुमची पद्धत चुकली असं वाटत नाही का. मंग विचारलं, आता हे काम बंद कराव का!"

* * *

त्यानंतर साहेबांनी रिझवी मास्तरांना बोलावलं. मास्तर मंगरूळपीरचे, शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. पुढच्या परिषदेत वानखडे बोलणार, त्याला तयार करायचं, असं ठरलं. वानखडेला पुस्तकातलं इंग्रजी डोळ्यांनी कळायचं, कानांनी नाही!

बियाण्याच्या खोलीत पोत्यांवर बसून शिकवणी चाले. मास्तरांचा पहिलाच धडा, की परिषदेत कोणालाही तोंडावर 'तुमचं चूक' म्हणायचं नाही. म्हणायचं, "आय बेग टू डिफर."

वानखडे म्हणाला, "मास्तर, बेग म्हंजे भीक ना? माह्यं मत येगळं आहे तर त्याच्यासाठी भीक कायले मांगू?"

मास्तर दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मियाँ, अंग्रेजी में झगड़ा भी झुक के करते हैं!"

* * *

दुसरा धडा 'सजेस्ट'चा. प्रयोगातून अमुक सिद्ध झालं असं कधी म्हणू नका. म्हणा, प्रयोग तसं सुचवतो.

वानखडे घरी मोठमोठ्यानं घोकायचा. त्याची बायको कमलावहिनी चुलीपाशी बसून ऐकायच्या. त्यांनी तो शब्द असा उचलला की विचारू नका! मी एकदा जेवायला गेलो होतो. वानखडेनं विचारलं, "भाकर झाली काय?"

"तसं सजेस्ट होऊन राह्यलं!" वहिनी म्हणाल्या.

हसून हसून मला ठसका लागला. वहिनींनाही लागला, पण त्यांचा लवकर थांबेना.

त्या दिवसांत त्या डोक्यावरचा पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, अर्ध्या वाटेत खाली ठेवायच्या आणि तिथंच बसून राहायच्या. वानखडे म्हणायचा, "थकली असन." आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. तुरीच्या वाफ्यांत निंदायला वहिनीही यायच्या, काम फार होतं, आणि त्या कधी कुरकुरायच्या नाहीत.

* * *

पावसाळ्यात वहिनींना ताप धरला, पावसाळा सरता सरताही तो हटेना, तेव्हा त्यांना अकोल्याला नेलं. मी सोबत होतो. छातीचा फोटो काढला. औषध, सुया सगळं झालं. महिनाभरानं पुन्हा नेलं, तेव्हा दोन डॉक्टर फोटो खिडकीपाशी धरून आपसात इंग्रजीत बोलू लागले. धोतर नेसलेला माणूस आणि लुगड्यातली बाई. यांना काय कळतंय, असं त्यांना वाटलं असेल.

पण वानखडेचा कान एव्हाना तयार झाला होता.

"नो रिस्पॉन्स टू ट्रीटमेंट," मोठे डॉक्टर म्हणाले. उपचाराला दाद नाही. हे वाक्य वानखडेनं त्याच महिन्यात स्वतःच्या हातानं पेपरात लिहिलं होतं, मेलेल्या तुरीच्या वाफ्यांबद्दल. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

डॉक्टर आणखी बरंच बोलले. शेवटी मराठीत म्हणाले, "औषध चालू ठेवा. घरी न्या."

बाहेर व्हरांड्यात वहिनींनी विचारलं, "काय म्हनत होते जी ते?"

"म्हने, औषध चालू ठेवा."

वहिनी जरा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लंब्या इंग्रजीचं एवढंच मराठी?"

* * *

हे मी मास्तरांना सांगितलं. वाशीमच्या मोटार स्टँडवर आम्ही मंगरूळच्या गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली, लोक चढू लागले, तरी मास्तर उभेच.

"गावंडे," ते म्हणाले, "सारी उम्र बच्चों से कहता रहा, अंग्रेजी सीखो, सब समझ जाओगे. ये कभी नहीं सोचा कि समझ गए तो क्या होगा."

ती गाडी त्यांनी सोडून दिली.

* * *

तुरीची कापणी चालू असताना वहिनी गेल्या. तेरवी झाल्यावर साहेब वानखडेच्या घरी आले. एरवी कडक माणूस, पण त्या दिवशी ओट्यावर मांडी घालून बसले.

"वानखडे, तुमचा पेपर मागं घेऊ. मी नागपूरले कळवतो. कोणी काही म्हनणार नाही."

वानखडे म्हणाला, "नोको साहेब. माह्या घरात तो पेपर पुरा ऐकणारं एकच माणूस होतं. तिनं अंथरुणात पडल्या पडल्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. एक शब्द समजत नव्हता, तरी मी मधात थांबलो का म्हणे, 'काहून थांबले? पुढं वाचा!'"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

* * *

नागपूरला वानखडे झकास बोलला. खरंच सांगतो! एक शब्द अडला नाही. शेवटच्या रांगेत रिझवी मास्तर शेरवानी घालून बसले होते. प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलत होती.

मग प्रश्न सुरू झाले. पहिल्याच प्रश्नाला वानखडेनं असं उत्तर दिलं, की अध्यक्षांनी बाक वाजवला. दुसऱ्या प्रश्नाला एक तरुण उठला. साधाच प्रश्न होता त्याचा. जी झाडं मेली, त्यांच्यात काही खूण आधी दिसली होती का?

वानखडेनं हातातले कागद खाली ठेवले. सभागृह वाट पाहू लागलं. मास्तर जागेवरून अर्धे उठले.

"येस सर," वानखडे म्हणाला. "वी सॉ. वी थॉट इट वॉज ओन्ली टायर्डनेस."

दिसली होती. आम्हाला वाटलं, नुसता थकवा आहे.

सभागृहात हशा उसळला. तूर काय थकते! वऱ्हाडातल्या माणसाचं इंग्रजी म्हणून लोक मनापासून हसले, अध्यक्षसुद्धा. मास्तर खाली बसले आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं.

* * *

दुपारी चहाला दिल्लीचे एक मोठे शास्त्रज्ञ स्वतःहून वानखडेकडे आले. पांढरे केस, फार गोड माणूस. पाठ थोपटून म्हणाले, काम छान आहे. मग इंग्रजीतच विचारलं, तुमच्या मिसेस काय म्हणतात या तुरीला?

"शी लाइक्स इट, सर," वानखडे म्हणाला.

मी कप ओठाला लावला होता, तो तसाच राहिला.

दिल्लीचे साहेब खूश झाले. म्हणाले, पुढच्या परिषदेला त्यांना घेऊन या. माझी बायकोही येते, दोघींची ओळख होईल.

"सर्टनली, सर."

परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत आम्ही तुरीच्या भावावर बोललो.

पुढची परिषद पुण्याला भरली, कारण तोवर आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेला होता. वानखडेनं नवा पेपर वाचला, मीही सोबत होतो. चहाच्या वेळी तेच दिल्लीचे साहेब गर्दीतून वाट काढत आले. बरोबर त्यांची बायको होती, हातात फुलांची वेणी घेतलेली. ती वेणी वानखडेच्या बायकोसाठी आणली होती. बाई आमच्या मागेपुढे पाहू लागल्या.

"यू हॅव नॉट ब्रॉट हर?" साहेबांनी विचारलं.

वानखडेनं कप बशीत नीट ठेवला. दोन्ही हात पुढं करून ती वेणी घेतली.

"नेक्स्ट इयर, सर," तो म्हणाला.