आमचे साडू नेमके कुणाच्या बाजूचे

उंच मुलगी दिसली की हातातलं काम, बरोबरचे नातेवाईक आणि प्रसंगी स्वतःची बायकोसुद्धा जागच्या जागी विसरून तिच्यामागे चालू लागणारा गृहस्थ अख्ख्या दुबईत एकच आहे आणि तो माझा साडू आहे. या वाक्यावरून कुणी भलताच समज करून घेऊ नये. साडू मुलींच्या व्हॉलीबॉलचे कोच आहेत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका रंगाच्या कारखान्याच्या आणि फरश्यांच्या गोदामाच्या मध्ये एक छोटं कॉलेज आहे. तिथे ते क्रीडा विभागप्रमुख आहेत आणि विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांच्या प्रमुखपणाला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. इमारतीमागे एक कोर्ट आहे. जरा जोरात सर्व्हिस झाली की चेंडू गोदामात जातो आणि तिथला पठाण वॉचमन तो परत देताना दर वेळी "कोच साब, यल्ला, आहिस्ता," असं अर्धं अरबी, अर्धं हिंदी बजावतो.

साडू माणसाचं नाव विचारायच्या आधी उंची विचारतात. अल बर्शाला आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा माझे मॅनेजर सहकुटुंब आले होते. मी त्यांना बसायला खुर्ची देईपर्यंत साडूंनी त्यांच्या मुलीला दारात उभं करून हात वर करायला लावला होता आणि तिची बोटं चौकटीच्या किती वर जातात हे ते पेन्सिलीने भिंतीवर नोंदवत होते. मुलगी संकोचून म्हणाली, "अंकल, आय अ‍ॅम डुइंग फायनान्स." साडू प्रेमाने म्हणाले, "कर की बाळ. फायनान्सला उंची लागत नाही. ती उरेल ती आम्हाला दे." मॅनेजर प्रसाद घेऊन लवकर गेले. भिंत रंगवायला दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये पडले.

पण याच सवयीतून त्यांना रोशेल सापडली. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, साडूंना घेऊन बर दुबईला मीना बाजारात ब्लाउज शिवायला टाकायला गेली होती. शिवणाऱ्या फिलोमिनाबाई मूळच्या वसईच्या, नवरा वारलेला, हाताला चांगली सफाई. ताई गळ्याचा आकार समजावत असताना आतून एक मुलगी आली आणि तिने वरच्या फळीवरचा कापडाचा तागा स्टूल न घेता काढला. ताईचं ब्लाउजचं माप त्या दिवशी राहूनच गेलं. मुलगी पाच फूट अकरा इंच होती, पण उंचीची लाज वाटून इतकी पोक काढून चालायची की पाच फूट सात वाटावी. वर्गात तिला सगळे जिराफ म्हणत. साडूंनी तिथेच मशीनशेजारी बसून फिलोमिनाबाईंना सांगितलं की ही मुलगी मी शिकवतो, हिची निम्मी फी मी माफ करून आणतो. आणि खरोखरच चेअरमनच्या केबिनबाहेर तीन दिवस ठाण मांडून त्यांनी ती माफ करून आणली.

पुढची दोन वर्षं साडूंच्या आयुष्यातली सोन्याची. रोशेल ताठ उभी राहायला शिकली आणि ती ताठ उभी राहिली की जाळ्यापलीकडच्या पोरी आपोआप दोन पावलं मागे सरकत. ज्या कॉलेजचं नाव टॅक्सीवाल्यालाही दोनदा सांगावं लागतं, ते आंतरमहाविद्यालयीन लीगच्या उपांत्य फेरीत गेलं. तेवढ्यात लीगने नियम बदलले. खेळाडूंना मानधन द्यायला परवानगी मिळाली आणि कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. आज इथे, उद्या तिथे, खलास. मोठ्या विद्यापीठांनी पाकिटं उघडली. आमच्या चेअरमननीही उघडलं. त्यातून दर सरावाला एक व्हेज पफ आणि इथला दाट दुधाचा करक चहा मंजूर झाला.

साडूंनी मग ताईला कामाला लावलं. सरावानंतर गरम साबुदाणा वडे हे आमच्या कॉलेजचं मानधन ठरलं आणि सांगायला आश्चर्य वाटेल, पण वड्यांच्या जोरावर त्यांनी अख्खं एक सत्र संघ टिकवला. पुढच्या सत्रात मात्र त्यांतल्या एका मोठ्या विद्यापीठाने आहारतज्ज्ञ नेमली. चेंडू उचलून देणारी आमची सेटर जाताना दुःखाने म्हणाली, "सर, वडा इज ऑल कार्ब्ज." ताईने चार दिवस साबुदाणा भिजतच घातला नाही. साडूंना राग असा आलाच नाही. जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ते हार घालत, फोटो काढत आणि नव्या कोचच्या नावाने एक पत्र देत. त्यात मुलीचं कौतुक नसे, सूचना असत. ही पाणी पीत नाही, आठवण करा. हिच्यावर ओरडलं तर चुका वाढतात. हिचे वडील सामन्याला येतो म्हणतात आणि येत नाहीत, त्या दिवशी हिला उगाच काही विचारू नका. मी म्हटलं, तुम्ही मुलगी देता ती देता, वर वापरायची माहितीही पुरवता. तर म्हणाले, "अहो, त्यांना कोण सांगणार मग?"

मुली गळता गळता सहाच उरल्या. सहापेक्षा कमी झाल्या की संघ लीगमधून बाद आणि मागचं कोर्ट पार्किंगला द्यायचं, हे चेअरमननी केव्हाच सुचवून ठेवलं होतं. त्याच सुमाराला रोशेलला त्या मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. पूर्ण फी माफ, होस्टेल आणि महिना दोन हजार दिरहम, म्हणजे शेहेचाळीस हजारांच्या वर. रोशेलने परस्पर नाही म्हणून कळवलं. साडूंना हे फिलोमिनाबाईंच्या फोनवरून समजलं. मुलगी म्हणते सरांचा संघ मोडेल, मी काय करू, असं त्या विचारत होत्या. मी कंपनीत करारमदार बघतो म्हणून साडू दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून उचलून थेट त्या विद्यापीठात घेऊन गेले. मला वाटलं, आता भांडण होणार.

भांडण झालंच, पण माझ्या समजुतीच्या उलट. स्पोर्ट्स मॅनेजर एक हसतमुख हैदराबादी तरुण होता. साडूंनी त्याच्यासमोर कागद पसरला आणि करारातलं एकेक कलम ते नाकारू लागले. मुलीचा गुडघा दुखावला तर फी बंद होणार नाही, हे लिहून द्या. दर शुक्रवारी आईकडे सोडायचं, हेही लिहा. परीक्षेच्या आठवड्यात सराव नाही. मी मध्ये मध्ये 'तथापि' आणि 'अन्यथा' घालत होतो. तासाभराने तो मॅनेजर पार गोंधळला आणि त्याने अदबीने विचारलं, "सर, आप किसकी तरफ से हैं?"

"लड़की के घुटने की तरफ से," साडू म्हणाले.

सगळी कलमं मान्य झाली. बाहेर येऊन त्यांनी रोशेलला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणावर ओरडताना ऐकलं. संघाची काळजी करायला पगार मला मिळतो, तुला नाही, असं काहीतरी ते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर गाडीत बसून चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

आता मुली पाच उरल्या. सहावीसाठी साडू वर्गावर्गांतून फिरले आणि अखेर अकाउंट्सची स्नेहल तयार झाली. उंची चार फूट दहा. तिने चेंडू हातात घेतला तो कलिंगड घ्यावं तसा. पण साडूंनी तिच्यावर तीन आठवडे जीव तोडून मेहनत घेतली आणि संघ लीगमध्ये उतरला. पहिलाच सामना नेमका त्या मोठ्या विद्यापीठाशी, त्यांच्या वातानुकूलित हॉलमध्ये. सुरू होण्याआधी रोशेल भेटायला आली, तर हे तिच्याशी धड बोलेनात. तिच्या गुडघ्याची पट्टी चुकीची बांधलीय म्हणून ते थेट विरुद्ध संघाच्या बाकावर जाऊन बसले आणि सगळी पट्टी सोडून नव्याने बांधली. रेफरी शिटी तोंडात धरून उभा होता.

आम्ही तिन्ही सेट हरलो, तेही असे की गुणफलकवाल्याला आमच्या बाजूचा आकडा बदलायचं विसरायला होत होतं. साडू रोशेलच्या गुणांना टाळ्या वाजवत होते आणि आमच्याही. एकदा समोरून आलेला जोरकस चेंडू स्नेहलच्या कपाळावर आपटून परत पलीकडे पडला आणि गुण मिळाला, तेव्हा ते मैदानात धावत गेले आणि त्यांना पिवळं कार्ड मिळालं. ते कार्ड त्यांनी रेफरीकडे ठेवून घ्यायला मागितलं. मिळालं नाही.

सगळे सामने खेळून, सगळे हरून सत्र संपलं. त्यानंतर एका सकाळी कॉलेजचा मेल आला. पुढच्या वर्षी संघ नाही, कोर्टवर पार्किंग होणार, साडूंनी बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळावं. त्यांनी तो मेल मला वाचायला दिला, परत घेतला आणि म्हणाले, चला, फिलोमिनाबाईंनी बोलावलंय.

आम्ही मीना बाजारात पोहोचलो तर बाई दारातच उभ्या होत्या. काउंटरवर सात जर्सी घडी घालून ठेवल्या होत्या. निळ्या, पांढऱ्या काठाच्या, पाठीवर आमच्या कॉलेजचं नाव हाताने शिवलेलं. रात्री दुकान बंद झाल्यावर महिनाभर बसून केल्या, असं त्या म्हणाल्या. "सर, पुढच्या सीझनला ह्याच घालायच्या. पैशाचं नाव काढायचं नाही."

मी साडूंकडे बघायचं टाळलं. त्यांनी मात्र एकेक जर्सी उलगडली, शिवण बोटाने चाचपली, काठ उजेडात धरून बघितला. सातवी त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरली.

"ही जरा लांब वाटतेय," ते म्हणाले. "तेवढी आत घ्या. घाई नाही. पुढच्या सीझनच्या आत द्या."

फिलोमिनाबाईंनी लगेच टेप काढून चार टाचण्या लावल्या आणि ती जर्सी बाजूला ठेवली. उरलेल्या सहा साडूंनी पिशवीत घातल्या. मेट्रोत आम्हाला बसायला जागा मिळाली. बर्शा येईपर्यंत ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि डब्यात बऱ्याच उंच मुली चढल्या नि उतरल्या.