वाटीतला पेनड्राइव्ह

शिरूरला एसटी स्टँडमागं एका काकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं चपला दारात काढायच्या आणि पेनड्राइव्ह काउंटरवरच्या स्टीलच्या वाटीत ठेवायचा, हा नियम. व्हायरस काढणं हाच त्यांचा मुख्य धंदा. कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी ते समोरच्या कीबोर्डवरून ब्रश फिरवायचे.

लॅपटॉपच्या दोन कंपन्यांची पत्रकं घेऊन मी तीनदा गेलो.

"कंपनी कुठलीबी घ्या. विंडोज का लिनक्स, तेवढं ठरवा."

"तुम्ही काय घ्याल?"

ब्रश बराच वेळ फिरला.

"लिनक्स. व्हायरसचा तरास न्हाई. माझ्याकडं यायची गरजच न्हाई पडायची."

असल्या सल्ल्यानं त्यांचं दुकान चालणार नव्हतं. म्हणून मी विंडोज घेतलं.

पुढं दर महिन्याला मी वाटीत पेनड्राइव्ह टाकायचो आणि ते ब्रश फिरवत म्हणायचे, "सांगितलं व्हतं."